पाकाया-सामिरिया: ॲमेझॉनच्या कासवांच्या हंगामात

पेरूमधल्या इक्वितोस शहराला देशाच्या इतर भागांतून रस्ता जात नाही. लिमाहून सुमारे दोन तासांचं विमान, नाहीतर नदीतून मालवाहू बोटीने काही दिवस. आम्ही विमानाने गेलो आणि तिथून शेअर गाडीने नाउता गाठलं. हा जवळपास शंभर किलोमीटरचा डांबरी रस्ता नाउतालाच संपतो. गावापासून थोड्या अंतरावर मारान्योन आणि उकायाली या नद्या मिळतात आणि पुढच्या प्रवाहाला ॲमेझॉन म्हणतात. या दोन नद्यांच्या बेचक्यात पाकाया-सामिरिया हे राखीव क्षेत्र आहे. विस्तार 20 लाख हेक्टरांहून जास्त, आणि नद्या भरल्या की त्यातलं बहुतेक जंगल पाण्याखाली. इथे गावं आहेत, शेती आहे, मासेमारी चालते. कासवं टिकली ती या गावकऱ्यांमुळे, म्हणून जाणाऱ्याने त्यांना भेटायलाच हवं.

आम्हाला बघायची होती तारिकाया. डोक्यावर पिवळे ठिपके असलेलं हे नदीतलं कासव. ठिपके पिल्लांवर आणि नरांवर ठळक असतात, वयात आलेल्या माद्यांवर फिकट होतात. ही कासवं मान कवचात सरळ आत ओढत नाहीत, कडेला दुमडून घेतात. सकाळी ऊन चढलं की पाण्यात पडलेल्या ओंडक्यांवर ती ओळीने बसलेली दिसतात. बोटीचं इंजिन बरंच आधी बंद करायला सांगा, एक घाबरलं की सगळी पाण्यात जातात. आम्ही वल्ही मारत जवळ गेलो तेव्हा एका कासवाच्या डोळ्यांशी केशरी-पिवळी फुलपाखरं चिकटली होती. ॲमेझॉनच्या पश्चिम भागात, समुद्रापासून इतक्या दूर, मीठ दुर्मिळ असतं. ते कासवाच्या अश्रूंतून मिळतं, म्हणून ही फुलपाखरं तिथे येतात. दुर्बीण न्याच, हे मोबाइलवर टिपता येत नाही.

पण आमचा खरा वेळ गेला तो रक्षकचौकीजवळच्या कृत्रिम वाळूपट्ट्यावर. लाकडी फळ्यांचं मोठं कुंपण, त्यात नदीची वाळू, आणि प्रत्येक घरट्यापाशी तारीख लिहिलेली खुंटी. पाणी ओसरतं तेव्हा, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, माद्या वाळूवर चढून अंडी घालतात. पिल्लं बाहेर यायला दोन महिने किंवा थोडे जास्त लागतात. तेवढ्यात वरच्या भागात पाऊस झाला की नदी अचानक चढते. या अवेळी पुराला तिथे रेपिकेते म्हणतात, आणि एका रेपिकेतेत अख्खा पट्टा बुडतो. अंडी चोरणारे वेगळेच. म्हणून गावातले गट रात्री-पहाटे फिरून अंडी गोळा करतात आणि उंचावर पुन्हा पुरतात. उचलताना अंडं ज्या बाजूने होतं तसंच ठेवायचं, फिरवायचं नाही, कारण आतला गर्भ कवचाला चिकटलेला असतो. वेळासला ऑलिव्ह रिडलेची अंडी हॅचरीत नेताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे काम लगेच ओळखीचं वाटेल.

वाळूची खोली आणि सावली यांवर पिल्लांचं लिंग ठरतं. साधारण 32 अंशांच्या वर घरटं तापलं तर माद्या जास्त, खाली राहिलं तर नर जास्त. त्यामुळे कुंपण उन्हात किती, झाडाखाली किती, याचा विचार करावा लागतो.

राखीव क्षेत्राच्या प्रशासनाशी या गटांचा करार असतो. त्यानुसार पिल्लांचा ठरलेला हिस्सा नदीत सोडायचा आणि उरलेली परवान्याने विकायची. ती परदेशी पाळीव प्राणी म्हणून जातात. काही वाचकांना हे खटकेल. मला मात्र हा व्यवहार पटतो. पूर्वी मिळेल ते घरटं उकरून बाजारात नेलं जायचं, आता त्याच माणसांना घरटं राखण्यात पैसा दिसतो आणि ओंडक्यांवर तारिकाया पुन्हा दिसतात.

चारापा या नदीतल्या दुसऱ्या, मोठ्या कासवाची गोष्ट जास्त कठीण आहे. मादीचं कवच 80 सेंटिमीटरपर्यंत जातं, एका वेळी शंभरच्या आसपास अंडी. तारिकायाची अंडी लांबट आणि टणक, हिची गोल आणि कातडी कवचाची. एकोणिसाव्या शतकात दिव्यासाठी आणि स्वयंपाकासाठी हिच्या अंड्यांचं तेल काढत. निसर्ग-अभ्यासक हेन्री बेट्स यांनी वरच्या ॲमेझॉनवर आणि मदेइरा नदीवर दरवर्षी 4 कोटी 80 लाख अंडी नष्ट होतात असा हिशेब मांडला होता. ब्राझीलच्या त्रोंबेतास नदीवर संशोधक कामिला फेर्रारा आणि रिचर्ड व्होग्ट यांनी पाण्यात मायक्रोफोन सोडून दाखवलं की पिल्लं अंड्यात असतानाच आवाज काढतात, आणि माद्या किनाऱ्याजवळ थांबून त्यांच्यासोबत पूरजंगलाकडे जातात. कासव अंडी घालून निघून जातं, एवढंच आपण शिकलो होतो! चारापा आम्हाला नीट दिसली नाही.

आता कामाच्या गोष्टी. घरटी बघायची तर जुलै-ऑगस्ट, पिल्लं सोडताना बघायची तर सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर. नेमकी तारीख नदी ठरवते, म्हणून हातात दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. आत जायला प्रवेशशुल्क आणि स्थानिक वाटाड्या लागतो. नाउताजवळच्या यानायाकु-पुकाते खोऱ्यातल्या गावांमधून सोय होते, आणि पैसा थेट गावात जातो. रोख सोल (पेरूचं चलन) घेऊन जा. स्पॅनिशची चार वाक्यं पाठ करा. शाकाहारींना भात, राजम्यासारख्या शेंगा, तळलेली केळी आणि युका (कसावाचा कंद) मिळते, चटणी-लोणचं घरून न्या.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. पेरूहून परतताना भारतात तो दाखला मागतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. पिल्लं हातात द्यायला गावकरी तयार असतात, पण डासांचं मलम लावलेल्या हातांनी घेऊ नका.

इक्वितोसच्या बेलेन बाजारात कासवाचं मांस आणि अंडी विकायला असतात. त्यातलं परवान्याचं कोणतं आणि चोरीचं कोणतं हे पाहुण्याला कळत नाही, तेव्हा काहीच घेऊ नका. कवचाचा तुकडाही सामानात नको. ही कासवं वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, आणि विमानतळावर प्रश्न तुम्हालाच विचारले जातील.