आमची वाटचाल : मोतिया की राखाडी?

वडिलांनी सदाशिव पेठेतल्या वाड्यांना चुना मारत कामाला सुरुवात केली. तेव्हा पांढरा म्हणजे पांढरा. चुन्यात थोडी नीळ कालवली की झालं. मी रंगकामाच्या धंद्यात उतरलो तोवर वाड्यांच्या जागी इमारती आल्या होत्या आणि शेडकार्डावर नुसत्या पांढुरक्या छटांचीच पानंच्या पानं.

आमच्या कामाला वळण दिलं ते कोथरूडच्या एका फ्लॅटने. हॉलला मोतिया, म्हणजे किंचित पिवळसर पांढरा, की फिकट राखाडी, यावर त्या घरात दोन दिवस खल चालला. शेवटी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कार्ड बघून राखाडी ठरला. लांबी (पुट्टी), घासाई, प्रायमर, वर रंगाचे दोन हात, सगळं चोख केलं. काम संपल्यावर काकूंनी मला भिंतीसमोर उभं केलं. "दादा, हा निळा आहे हो. दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय."

खरंच निळा दिसत होता. खिडकी उत्तरेला, म्हणजे येणारा उजेड आकाशाचा, निळसर. खाली शहाबादी फरशी, वर 6500 केल्विनचे, म्हणजे निळसर झाकेचे पांढरे दिवे. पांढऱ्यात नुसता काळा स्टेनर (छटा आणायला मिसळायचा गडद रंग) पडला की मुळातच निळी झाक येते. इथे ती चांगलीच उठून आली. पूर्ण हॉल आम्ही पदरमोड करून मोतियाने पुन्हा रंगवला. चूक आमची होती, भिंतीवर लावून न दाखवल्याची.

तेव्हापासून दोन्ही शेड आधी भिंतीवर लावतो. दोन फूट बाय दोन फूट, दोन हात, भोवती पांढरा प्रायमर. नाहीतर जुना रंग डोळ्यांना फसवतो. एक नमुना खिडकीच्याच भिंतीवर, एक समोरच्या. इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, वाळल्यावर थोडा गडद होतो, त्यामुळे ओल्यावर निर्णय नाही. सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री घरचेच दिवे लावून बघा. कार्डावरचा एलआरव्ही रंग किती उजेड परत फेकतो ते सांगतो, 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पांढरा. झाक मात्र त्या आकड्यात दिसत नाही.

उत्तरेच्या खोलीला मी मोतियाच सुचवतो. त्यातला पिवळा ऑक्साइड निळसर उजेडाला ऊब देतो. पश्चिमेच्या खोलीत तोच मोतिया उतरत्या उन्हात लोण्यासारखा पिवळा होतो. तिथे राखाडी शांत दिसतो.

गेल्या वर्षी काकूंच्या मुलीने बाणेरच्या फ्लॅटसाठी बोलावलं. हॉल पश्चिमेचा. काकू मुद्दाम आल्या, दिवे लागेपर्यंत नमुन्यांसमोर बसून राहिल्या, आणि बोट ठेवलं ते राखाडीवर.