तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या चुका दिसतात, तरी भीती कशी वाटते?

आमच्या दुकानात रिवाइंडिंगला, म्हणजे जळलेल्या मोटरची तार बदलून घ्यायला, मोटर टाकून बसलेला माणूस करणार काय, तो माझ्या मोबाईलमध्ये डोकावतो. मोबाईल तांब्याच्या तारेच्या रिळाला टेकवलेला असतो, त्यात डॉक्टर हू नाहीतर स्टार ट्रेक या परग्रह-अंतराळाच्या इंग्रजी मालिकांचा जुना भाग चालू असतो, अन् मी मधूनमधून बडबडत असतो की हे होऊ शकत नाही, हे कसं काय बाप्पा. मग प्रश्न येतोच. "भाऊ, सगळं खोटं आहे हे तुम्हीच सांगून राहिले, मग पाहता काहून? अन् वरून म्हणता भेव वाटते!"

तर नीट सांगतो, हंगाम सुरू झाला की मला वेळ नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की टीव्हीवरचा चांगला राक्षस दात-नखं दाखवून घाबरवत नाही, तो नियमानं घाबरवतो. आपल्या आज्या काय वेगळं करत होत्या? मुंजा आहे, तर पिंपळाखालून रात्री जायचं नाही. कुणी नावानं हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. आता भूत तीन हाका मारायला का लाजतं हे कुणी विचारत नाही, पण रात्री अंगणातून पहिली हाक आली की तुम्ही गप बसता अन् मोजता. म्हणजे त्या नियमानं तुम्हाला काम लावलं. काम लागलं की भीती डोक्यातून अंगात उतरते, मग तुम्ही कितीही शिकलेले असा.

या बाबतीत डॉक्टर हूमधले वीपिंग एंजल्स, म्हणजे रडणारे देवदूत, उस्तादच. 2007 मध्ये ब्लिंक नावाचा भाग आला, स्टीव्हन मोफॅटनं लिहिलेला. दगडाचे पुतळे, पंखवाले, तोंडावर हात घेतलेले. तुम्ही पाहत असाल तोपर्यंत ते दगडच, नजर हटली किंवा पापणी लवली की ते पुढे सरकणार, अन् हात लागला की तुम्ही थेट भूतकाळात. तुमचे इथे जगायचे राहिलेले दिवस ते खाऊन टाकतात. (त्या भागात कुणी 1920 ला जातं, कुणी 1969 ला. मला 69 चालेल, पण तीन वर्षांनी बहात्तरचा दुष्काळ लागतो, तेवढा टाळता आला तर पाहा.) तुम्हाला लावलेलं काम काय, तर डोळे उघडे ठेवा. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो, त्यामुळे हे काम जमणारच नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं अन् तेव्हापासून तुमचेच डोळे चुरचुरायला लागतात.

हा भाग मी पहिल्यांदा पाहिला तो जागलीवर, हरभऱ्यात. रात्रीची लाईन होती, पाणी चालू होतं, डुकरं येऊ नयेत म्हणून बसलो होतो. बाजूच्या तुरीत शेजाऱ्यानं बुजगावणं उभं केलेलं, मडक्याचं डोकं, चुन्यानं काढलेले डोळे अन् पोराचा शाळेचा जुना शर्ट, त्याची एक बाही वाऱ्यानं हलत होती. भाग संपला अन् मला दांड बदलायला जायचं होतं, म्हणजे त्याच्याकडे पाठ करून. मी गेलो, पण कसा, तर आडवा आडवा, खेकड्यासारखा, बॅटरी त्याच्या तोंडावर धरून. अन् हे करताना डोक्यात सगळ्या चुका चालू होत्या बरं का!

चुका म्हणाल तर पोत्यानं आहेत. पहिली सगळ्यांनाच सुचते, एका वेळी एकच डोळा मिटायचा, देवदूताला आळीपाळीनं डोळा मारत बसायचं, झालं. दोघं असले तर पाळी लावा. दुसरी, पाहणारा म्हणजे नेमका कोण? गाय चालेल का? झाडावरचं घुबड? बांधावरचे किडे-मुंग्या? तसं असेल तर आपल्या वावरात एंजल जन्मात हलणार नाही, कारण रात्री तिथे डोळ्यांची काय कमी आहे.

तिसरी जरा खोल आहे. मालिकेत कारण देतात की हे क्वांटम लॉक झालेले, म्हणजे कुणी पाहिलं की गोठणारे जीव आहेत. याच्याजवळ जाणारी खरी गोष्ट आहे फिजिक्समध्ये, क्वांटम झेनो इफेक्ट म्हणतात, अन् हे नाव 1977 मध्ये बैद्यनाथ मिश्रा अन् केरळचे ई. सी. जी. सुदर्शन यांच्या पेपरातून आलं. एखाद्या अणूचं वारंवार मोजमाप करत राहिलं तर त्याची अवस्था बदलायची अडून बसते. 1990 मध्ये अमेरिकेत बेरिलियमच्या आयनांवर प्रयोग करून हे दाखवलंसुद्धा. पण मोजमाप म्हणजे कुणीतरी डोळे वटारून पाहणं नव्हे. प्रकाशाचा कण आदळला, हवेचा रेणू धडकला, तरी ते मोजमापासारखंच काम करतं, माणूस तिथे असो की नसो. म्हणजे हिशोबानं एंजलवर हवा लागत असली तरी तो कायमचा गोठलेला पाहिजे, मग पापणीचा संबंधच उरत नाही.

आता मला सांगा, हे सगळं माहीत असून मी आडवा का चाललो? कारण नजरेचा नियम आपल्या अंगात आधीच आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे कुणालाही विचारा, वाघ दिसला तर पाठ करून पळू नको हे पोट्ट्यांना लहानपणीच सांगतात. सुंदरबनात 1980 च्या दशकात जंगलात मध काढायला जाणाऱ्यांनी डोक्यामागे माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधले होते, वाघ मागून झडप घालतो म्हणून. काही दिवस उपयोग झाला, मग वाघांना ते कळलं असं सांगतात. मोफॅटनं जुनीच भीती उचलली अन् तिला पंख लावले.

म्हणून चुकांचं मला काही वाटत नाही. चूक दुसऱ्या दिवशी दिसते, चहा पिताना. मला राग येतो तो लबाडीचा, म्हणजे स्वतःच केलेला नियम स्वतःच मोडायचा. ब्लिंकमध्ये एंजल पडद्यावर एकदाही हलताना दिसत नाही, खोलीत पाहणारं कुणी नसलं तरी नाही, कारण तुम्ही पाहताय ना! पाहणाऱ्यालाही कामाला लावलं, याला म्हणतात डोकं. अन् 2010 च्या भागात तेच एंजल आपल्यासमोर कॅमेऱ्यात मान फिरवतात. संपलं. शिवाय तिथे ते सरळ माना मोडून मारतात, मग माणसाचे उरलेले दिवस खायचं काय झालं? अन् एंजलचा फोटो किंवा व्हिडिओ असेल तर त्यातूनही एंजल होतो म्हणे. असं असेल तर मोबाईलवर ब्लिंक पाहणारे आपण सगळे कधीच गेलो असतो.

डॅलेकचीही तीच गत (डॅलेक म्हणजे डॉक्टर हूमधलेच, धातूच्या खोक्यात बसून हिंडणारे राक्षस), अन् हे तर माझ्या धंद्यातलं दुखणं आहे. 1963 च्या डिसेंबरात डॅलेक पहिल्यांदा आले तेव्हा ते त्यांच्या शहराच्या धातूच्या जमिनीतून स्थिर वीज घेऊन चालायचे. एकाला कापडावर ओढून घेतात, जमिनीशी संबंध तुटतो अन् तो बंद पडतो. ऐकायला मस्त, पण स्थिर वीज म्हणजे थंडीत स्वेटर काढताना चटचट होते ती, व्होल्टेज हजारांत अन् करंट जवळपास काहीच नाही. तुमची पाच एचपीची मोटर पावणेचार किलोवॅट मागते, ती त्या चटचटीवर फिरवून दाखवा. वर परतीची वायरच नाही, सर्किट पूर्ण कुठून होणार? तरी हे मी सोडून दिलं असतं. पण पुढच्याच वर्षी हेच डॅलेक थेम्स नदीतून वर येऊन लंडनभर हिंडतात, पाठीवर एक तबकडी लावली की झालं. जिन्यावर चढता येत नाही म्हणून लोक किती वर्षं हसले त्यांना, मग 1988 मध्ये एकाला तरंगत जिना चढवला. ते मात्र मला पटलं, कारण तिथे त्यांनी आपल्या हसण्याचाच वापर केला. वर जाऊन सुटलो म्हणणाऱ्याचा तो भ्रमच त्यांनी काढून घेतला.

स्टार ट्रेकच्या बोर्गबद्दल, म्हणजे अर्धं शरीर अन् अर्धं यंत्र असलेल्या टोळीबद्दल, थोडक्यात. 1989 मध्ये आले तेव्हा त्यांची भीती ही होती की बोलायला समोर कुणीच नाही. मालक नाही, सरपंच नाही, विनंती करायची तर कुणाला? सगळे मिळून एकच. पुढे त्यांना एक राणी दिली. राणी आली म्हणजे वाटाघाट आली, अन् जिच्याशी भांडता येतं तिची काय भीती?

पाहायचं असेल तर ब्लिंकपासूनच सुरू करा, मागचं काही माहीत नसलं तरी अडत नाही, रात्री पाहा अन् घरात लाईट गेलेली असली तर उत्तमच, कारण त्यात एंजल बल्ब विझवायला लागतात तो सीन लोडशेडिंगवाल्यांसाठीच लिहिलाय असं वाटतं. फक्त 2012 चा न्यूयॉर्कवाला भाग माझ्या दुकानात लावू नका. त्यात स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच एंजल आहे म्हणतात. चबुतऱ्यासकट 93 मीटरचा पुतळा त्या एवढ्या मोठ्या जागत्या शहरात चालत येतो अन् त्याच्याकडे एकही माणूस पाहत नाही? अन् एंजल दगडाचे ना? तो पुतळा आतून लोखंडी सांगाडा अन् बाहेरून तांब्याचा पत्रा, जाडी अडीच मिलिमीटरहून कमी. तांब्याचं मला सांगू नका.