सी आणि वा

रात्रीचे साडेअकरा.

आजही सम सापडली नाही. रेकॉर्डिंगवर बर्मी गायिका यी यी थांट गात होत्या, साथीला इन्ले म्यिंट मौंग यांची साउंग, म्हणजे बर्मी वीणा, आणि माझा हात मांडीवर भलतीकडेच पडत होता.

बर्मी अभिजात गायिकेच्या दोन्ही हातांत ताल असतो. एका हातात सी, म्हणजे दोरीने जोडलेल्या दोन छोट्या झांजा, आपल्या टाळाचं धाकटं भावंड. दुसऱ्या हातात वा, चिमट्यासारखी उघडमीट करणारी बांबूची किंवा लाकडाची टिपरी. सी किणकिणते ती हलक्या मात्रेवर, वा वाजते ती जड मात्रेवर. आणि ही जड मात्रा शेवटी येते! आपली सम पहिली, तिथून आवर्तन सुरू. त्यांचं आवर्तन वा-वर येऊन टेकतं. वा पहिली धरली की सगळी ओळ एका मात्रेने सरकते आणि शब्द मध्येच तुटल्यासारखे वाटतात. हे सगळं मला माहीत आहे. तरी हात ऐकत नाही, आणि त्याचंच फार वाईट वाटतं. इतकी वर्षं तालात घालवून कान एकाच घरचा राहिला.

बरं, गायिकेचा गळा तरी वा-वर यावा? तोही येत नाही. वीणा सूर आधी दाखवते, गळा मागून येतो. कधी गळाच पुढे निघून जातो. चाल दोघांची एकच, पण पावलं वेगळी. त्यातून बर्मी भाषेत स्वराच्या उंचीने शब्दाचा अर्थ बदलतो, म्हणजे चालीला शब्दाचंही ऐकावं लागतं. हे सांभाळून हातांनी काळ मोजायचा. साथीला तबलजी नाही. चुकली तर तीच, सावरणारीही तीच.

शिकणाऱ्याला महागीतातली, म्हणजे बर्मी अभिजात गाण्यांच्या संग्रहातली, तेरा 'च्यो' प्रकारची गाणी आधी पाठ करावी लागतात. ती वीणेच्या तारांच्या न्यिन्लोन या जुळणीत. पुढे योदया गाणी, १७६७ मध्ये सयामची (आजच्या थायलंडची) राजधानी अयुथया पडल्यावर तिकडून आलेल्या सुरावटींवरची. त्यांच्यासाठी पले जुळणी लागते. सोळा तारांपैकी काही तेवढ्यासाठी पुन्हा लावायच्या, आणि गायिकेने कालपर्यंत घर मानलेला सूर सोडायचा.

म्हणजे घर सोडणं त्यांच्या शिक्षणातच आहे. मी मात्र एका मात्रेसाठी रडतेय.

१८८५ मध्ये मंडालेचं बर्मी राज्य गेलं, थिबा राजा आपल्या रत्नागिरीत येऊन १९१६ मध्ये तिथेच वारला. दरबार उठला. गाणं टिकलं ते गुरूसमोर बसून तोंडी घेतलेल्या पाठांतरावर. त्या खोल्यांमध्ये कुणाकुणाचे हात असेच चुकले असतील.

आता मोजणं बंद केलंय. टाळी नाही, काही नाही. फक्त वा ऐकू आली की अंगठा तर्जनीवर दाबायचा. पहिल्या चार ओळी हुकल्या. पाचव्या ओळीला ओळ संपली आणि अंगठा टेकला, दोन्ही एकाच क्षणी. सहावी पुन्हा हुकली.

परत पहिल्यापासून लावलंय.