आमची वाटचाल : माळवदाच्या तुळईपासून

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्या भागात लोकांना दगडमातीच्या माळवदाखाली झोपायची भीती वाटू लागली. घरं उतरवली गेली, तेव्हा सागवानाच्या तुळया वडिलांनी विकत घेतल्या. लातूरचं आमचं लाकूडकामाचं वर्कशॉप त्या लाकडावर उभं राहिलं. मुरलेलं लाकूड, रंधा मारला की आतून सोनं. खोट एकच, खिळ्यांची भोकं आणि उभ्या भेगा. वडील त्यात भुसा आणि सरस भरायचे, दोन पावसाळ्यांत ते सुटून यायचं. मी काळा रंग मिसळून इपॉक्सी, म्हणजे हार्डनर घातला की घट्ट होणारं पातळ रेझिन, ओतलं आणि भेग हीच शोभा झाली. पुढची काही वर्षं कामं येत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते त्या मे महिन्याचं.

एका निवृत्त गुरुजींनी वाडा पाडला, पण देवघरावरची तुळई जपली होती. लेकीच्या घरासाठी तिचं जेवणाचं टेबल हवं होतं. तुळई गिरणीवर उभी चिरून आणली. सात फूट लांबी, मधे इपॉक्सीचा दहा इंचाचा निळा पट्टा, दीड इंच जाडी. बावीस-तेवीस किलो माल लागणार. आमच्या नेहमीच्या दुकानदाराला मी दोनदा विचारलं, "एका दमात ओतता येईल ना?" तो म्हणाला, "बिनधास्त ओता." माल सुट्या कॅनमध्ये होता, वर चिठ्ठी नाही.

तो कोटिंगचा माल होता, पातळ थर देण्याचा. बाहेर बेचाळीस डिग्री. हार्डनर घालून ढवळलं आणि अर्धा माल साच्यात गेला तोच बादलीतून धूर निघायला लागला. इपॉक्सी वाळत नाही, आतल्या आत तापून घट्ट होतं, आणि माल जितका एका जागी साठलेला तितका जास्त तापतो. बादलीचा तळ मऊ होऊन बसला. साच्यातला पट्टा पिवळा पडला, रात्रीतून आडवा तडकला.

दुकानदारानं हात वर केले. "तुमच्या पोरांनी प्रमाण चुकवलं." वजनकाट्यावर मोजून घेतलेलं प्रमाण! वर आमच्याच गल्लीतल्या फर्निचरवाल्यानं गिऱ्हाइकांना सांगत सुटावं की यांची टेबलं उन्हाळ्यात वितळतात. तीन ऑर्डरी गेल्या. एक कारागीर त्याच्याकडे गेला. दोन महिने भाडं थकलं.

गुरुजींना तोंड दाखवायची हिंमत नव्हती. तेच आले. कडेवरून हात फिरवून म्हणाले, "लाकूड शाबूत आहे का?"
"आहे गुरुजी. कडा काळवंडल्यात."
"मग तासून घे की. घाई कुणाला आहे?" आणि खिशातून आणखी पाच हजार काढून ठेवले. त्या पाच हजारांवर आम्ही तगलो.

पट्टा कापून काढला, कडा राउटरनं, म्हणजे लाकूड कोरायच्या मशीननं, मारल्या, पट्ट्याची जागा दहाची बारा इंच झाली. डिसेंबरात खोल ओतायचा माल मागवला. आधी लाकडाला पातळ हात दिला, नाहीतर लाकडातली हवा बुडबुडे होऊन वर येते. मग दोन थर दिले, पहिला बोटाला चिकटेल इतका घट्ट झाल्यावर दुसरा. उरलेले बुडबुडे फुटावेत म्हणून वरून गरम हवेची हीट गन लांबूनच फिरवली. पॉलिश पेपर 120 पासून 2000 पर्यंत, सलग चार दिवस.

नवीन पोरांना माझं सांगणं आहे : लाकडातला ओलावा मोजणारा मॉइश्चर मीटर घ्या, ओलावा बारा टक्क्यांच्या वर असेल तर हात लावू नका. मे महिन्यात ओतायचंच असेल तर पहाटे ओता. चिठ्ठी नसलेला कॅन घेऊ नका. आणि टेबल देताना गिऱ्हाइकाला सांगा, गरम कुकर थेट ठेवायचा नाही, खिडकीच्या उन्हात टेबल मांडायचं नाही.

ते टेबल गुरुजींच्या लेकीकडे परभणीला आहे. मागच्या दिवाळीला बघून आलो, पट्टा निळाच आहे. त्या दुकानदाराची उधारी मी शेवटच्या रुपयापर्यंत फेडली. पावत्या अजून फाईलला लावलेल्या आहेत.