जीव मुठीत धरून

चिमटी, म्हणजे माझी हॅमस्टर, उंदरासारखा लहानसा पाळीव जीव, घरात आली त्याच रात्री मी चूक केली. पिंजऱ्याचं वरचं झाकण उघडून लाडानं हात आत घातला. ती भुशात थिजली, कान मागे पाडले, आणि पुढच्या क्षणी माझ्या तर्जनीवर रक्ताचा टिपका उगवला. चिमटीत मावेल एवढी म्हणून ठेवलेलं नाव तिनं वेगळ्याच अर्थानं सार्थ केलं.

राग आला, खोटं कशाला बोलू? मी तिच्यासाठी चाक आणलं, वीतभर मऊ भुसा अंथरला, आणि ही असे पांग फेडते! मग बोट धुता धुता जरा तिच्या बाजूनं विचार केला. हॅमस्टरसारख्या जिवावर वरून काही उतरतं ते बहुधा घुबडच असतं. तिला लांबचं धड दिसत नाही, म्हणजे मी तिला दिसलेच नव्हते. दिसली ती सावली, आणि सावलीतून आलेली पाच बोटं. त्यांनाही खाण्याचा वास, कारण जेवून मी हात नुसताच पुसला होता. शत्रू म्हणून चावावं की घास म्हणून, एवढाच काय तो प्रश्न होता.

शिवाय या मंडळींची आपल्याशी ओळख अगदी कालपरवाची. 1930 साली सीरियात अलेप्पोजवळ इस्रायल आहारोनी या प्राणिशास्त्रज्ञानं शेतातलं बीळ खणून एक मादी आणि तिची पिल्लं बाहेर काढली. आज घरोघरी चाकात पळणारे सोनेरी हॅमस्टर बहुतेक त्याच कुटुंबातले. कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या दारात आहे. यांना शंभरेक वर्षं, आणि पहिली ओळख झाली तीही कुदळीनं.

मी हात लावणं बंद केलं. दिवे लागणीनंतर ती उठली, की पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसायचं, हळू आवाजात काहीबाही बोलायचं आणि धुतलेला हात बाजूच्या दारातून आत ठेवून द्यायचा. हलवायचा नाही. हे किती अवघड आहे ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. नेमकी तेव्हाच मनगटाला खाज सुटते. पाच दिवस तिनं माझ्या हाताची दखलही घेतली नाही.

सहाव्या दिवशी एक युक्ती केली. कागदी रुमाल दिवसभर खिशात बाळगला आणि संध्याकाळी फाडून तिच्या कोपऱ्यात टाकला. सकाळी पाहते तर तुकडे गायब. घरट्याच्या तोंडातून एक पांढरं टोक डोकावत होतं. माझा वास अंगाखाली घेऊन बाई झोपल्या होत्या! त्या आनंदात मी तो कोपरा उगाच चार वेळा पाहून आले.

पुढचा व्यवहार सूर्यफुलाच्या बियांचा. तळहातावर बी ठेवायची. ती मान लांब करून उचलणार, गालातल्या पिशवीत कोंबणार आणि पसार. हॅमस्टर हे नावच साठा करण्याच्या जर्मन शब्दाशी जोडलेलं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? मग बी मनगटाकडे सरकवली. आधी एक पाऊल तळहातावर आलं, मग दोन. मध्येच एकदा स्वयंपाकघरात ताट पडलं आणि सगळं मुसळ केरात. तिनं गालातला माल तिथेच ओकला आणि बिळात घुसली. घाबरल्यावर ओझं टाकून पळणं हा त्यांचा शहाणपणाच. आम्ही पुन्हा रुमालापासून सुरुवात केली.

घरी येणाऱ्यांना मात्र ती लगेच हातात हवी असते. 'उठव ना, एकदाच!' भरदुपारी कुणी आपल्याला पांघरुणातून उपसून पाहुण्यांपुढे उभं केलं तर? मी सरळ नाही म्हणते. चारदोन जण रुसलेत.

परवा रात्री ती गाल भरून आली, तळहातावर चढली आणि पळालीच नाही. एक बी बाहेर काढून तिथेच सोलत बसली. टरफलं माझ्या बोटांच्या बेचक्यात पडत होती. मग पुढचे दोन्ही पंजे चाटून तिनं तोंड धुवायला घेतलं. आधी नाक, मग कानामागे, अगदी सावकाश. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि शिंक नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबली होती. जीव मुठीत धरून बसले होते, ती मीच.