पितृपंधरवडा, भांगाची भरती आणि कोमोडो

इंडोनेशियातल्या कोमोडोला स्कूबा डायव्हिंगसाठी एजंटने काढलेली तारीख बेळगावातल्या कुणालाही पटली असती. अनंत चतुर्दशीला विसर्जन, दुसऱ्या दिवशी निघायचं. गणपती झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी गाव सोडत नाही, रजाही सहज मिळते. मी ॲडव्हान्स भरून मोकळा झालो. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दिवस मोजायला लागलो तेव्हा लक्षात आलं, चतुर्दशीनंतर येते पौर्णिमा. म्हणजे मी कोमोडोच्या पाण्यात उतरणार तो ऐन उधाणात.

हे कळायची अक्कल मालवणने दिली. उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कारखान्यात माझी नोकरी, पोहायला शिकलो शेतातल्या विहिरीत. समुद्राचा संबंध आंबोली उतरून आत्याकडे जाण्यापुरता. स्कूबाचा पहिला, ओपन वॉटर कोर्सही तिकडेच केला. एका सकाळी तांडेल होडी काढेचना. म्हणाला, "आज उधान आसा, पानी ओढता. अष्टमीक ये." अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, भरती-ओहोटीतला फरक वाढतो, अष्टमीला ती काटकोनात, म्हणून भांगाची भरती. शाळेत पाठ केलं होतं. पाठ केलेलं आणि होडीवर बसून ऐकलेलं यात फरक पडतो.

कोमोडोला तर हा हिशेब जास्तच कडक. सुंबावा आणि फ्लोरेस या बेटांमधल्या अरुंद सामुद्रधुन्यांत हे राष्ट्रीय उद्यान आहे (1980 सालचं, 1991 पासून जागतिक वारसा). पॅसिफिकची पातळी हिंदी महासागरापेक्षा थोडी वर, त्यामुळे पाणी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतच असतं. त्यावर भरती-ओहोटी चढते. मोठ्या पाइपातलं तेल बारीक नळीत सोडलं की वेग वाढतो, हे आम्ही कारखान्यात रोज बघतो. तिथे तेच काम बेटं करतात. मात्र प्रवाह अजिबात नको असं म्हणून चालत नाही. त्याच्याबरोबर प्लवक येतं, प्लवकामागे मांटा नावाचे प्रचंड पाकट मासे येतात, माशांचे थवे येतात. पाणी निपचित असेल तर एवढं लांब जायचं कशाला?

एजंटला फोन केला. तो म्हणाला, "सर, समुद्र समुद्रच असतो, तारखेचं काय!" ॲडव्हान्स परत मिळाला नाही. मग लाबुआन बाजो या कोमोडोजवळच्या बंदरगावातल्या एका डाइव्ह सेंटरला थेट लिहिलं. त्यांनी पहिल्याच उत्तरात चार गोष्टी विचारल्या: शेवटचा डाइव्ह कधी केला, एकूण किती, ॲडव्हान्स्ड सर्टिफिकेट आहे का, प्रवाहात उतरलाय का. एजंटने यातलं एकही विचारलं नव्हतं. माझं कार्ड 18 मीटर खोलीपर्यंतचं, डाइव्ह अकरा. त्यांनी सरळ कळवलं, कॅसल रॉक हा जोरदार प्रवाहातला खडक तुम्हाला आत्ता दाखवणार नाही. राग आला, पण विश्वासही तिथेच बसला. मुरुडेश्वरला दोन खेपा मारल्या, नेत्राणी बेटापाशी 30 मीटरचा ॲडव्हान्स्ड कोर्स केला आणि अंगावरच्या फुगणाऱ्या जॅकेटमध्ये हवा न ठेवता उडी मारून थेट खाली जायचा सराव केला. प्रवाहात वर तरंगत बसलात तर खालचा खडक निघून गेलेला असतो.

नवी तारीख वद्य अष्टमीच्या पुढची. भांगाचा असर एक-दोन दिवस उशिरा दिसतो, म्हणून दशमीपर्यंत पाणी बरं. पण ही अष्टमी पितृपंधरवड्यातली!

आई म्हणाली, "पित्रांच्या दिवसांत समुद्रात? काय गा, तुला दुसरे दिवस मिळेनात?"

मी तिला कॅलेंडर दाखवून सगळं समजावलं. तिने चष्मा लावून बघितलं. "बाबांची तिथी पंचमी. ते झालं की जा. चंद्र तिकडंही तोच असणार की."

पंचमीचं श्राद्ध उरकून रात्री राणी चन्नम्माने बेंगळुरू, तिथून बाली, पुढे तासाभराच्या विमानाने लाबुआन बाजो. व्हिसाचे पाच लाख म्हटल्यावर पोटात गोळा आला. ते रुपिया होते, आपले अडीच-तीन हजार.

पहिला दिवस सियाबा बेसारला, आडोशाच्या पाण्यात, कासवांबरोबर. दुसऱ्या दिवशी करांग मकास्सारला प्रवाहाच्या पाठीवर नुसतं वाहत जायचं. खालून मांटा उलट दिशेने, पंख जेमतेम हलवत. तिसऱ्या दिवशी बातू बोलोंग. पाण्याबाहेर एवढासा खडक, खाली माशांची भिंत. भांग असूनही गाइड आम्हाला आडोशाची बाजू सोडू देईना. एका कडेशी त्याने बोट दाखवलं: पुढचे मासे सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे, आणि कुणाचे तरी बुडबुडे वर जायच्या ऐवजी खाली ओढले जात होते. आम्ही मागे वळलो. मी काही विशेष केलं नव्हतं, तरी 200 बार दाबाची हवेची टाकी पस्तीस मिनिटांत 50 वर आली. कारखान्यात गेज इतकं भरभर उतरलं असतं तर मी मशीन बंद केली असती.

कॅसल रॉक राहिलाच. विमानाआधी 18 तास डाइव्ह नाही, म्हणून शेवटचा दिवस रिंचा बेटावर ड्रॅगन बघण्यात गेला. परत आल्यावर कारखान्यात कुंद्याचा बॉक्स फिरवत फोटो दाखवले. फोरमननी मांटाचा फोटो पटकन सरकवला आणि ड्रॅगनवर थांबले.

"ही तर घोरपड. खानापुरात दाखवली असती की गा!"