ठाऊक आहे, पण बोलायचे नाही

समलैंगिकतेविषयी आपल्याकडे गांभीर्याने जे बोलले जाते ते बहुतांशी कायद्याच्या अंगाने, आणि ते स्वाभाविकही आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालामुळे २००९ ते २०१३ या काळात मिळालेला दिलासा सोडला, तर दोन सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीने असलेले संबंध ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ खाली गुन्हा ठरत होते. ते कलम अशा संबंधांपुरते रद्दबातल करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठातील न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात असे म्हटले की, या समुदायाला आणि त्यांच्या कुटुंबीयांना न्याय मिळायला जो विलंब झाला, त्याबद्दल इतिहासाने त्यांची माफी मागायला हवी. या विधानातला कुटुंबीयांचा उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो. कुटुंबीयांनी सोसले हे खरेच आहे. पण समलिंगी मुलामुलींना सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त काळ जिथे सोसावे लागते ती जागाही बहुधा त्यांचे घरच असते, आणि तिथे कोणतेही घटनापीठ पोहोचत नाही.

घरात ही गोष्ट कळली की सुरुवातीला जे घडते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. आधी रडारड होते, मग कुणीतरी डॉक्टरांचे नाव सुचवते, कुणी पत्रिका घेऊन जाते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ती 'बरी' करण्याचे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले, तरीही असे उपचार करून देणारे आजही सापडतात, कारण गिऱ्हाईक आहे. मला मात्र त्यापुढच्या टप्प्याविषयी लिहायचे आहे, ज्याला सुशिक्षित घरांत 'आम्ही स्वीकारले आहे' असे म्हटले जाते. या स्वीकाराला एक अट असते: आम्हाला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे, पण चारचौघांत त्याची वाच्यता नको. मुलाचा जोडीदार घरी येतो, जेवतो, सणासुदीला भेटही आणतो. फक्त नातेवाइकांसमोर तो 'ऑफिसमधला मित्र' असतो. माझ्या मते हा स्वीकार नसून तह आहे, आणि या तहाची किंमत तो करणारे सहसा मोजत नाहीत.

माझ्या भाच्याच्या बाबतीत हे मी जवळून पाहिले. तो आणि त्याचा जोडीदार कित्येक वर्षे एकत्र राहतात, हे ताईला आणि भावोजींना माहीत होते. एका रात्री भाच्याला अपघात झाला आणि त्याला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात न्यावे लागले. उपचार लगेच सुरू झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण काउंटरवरच्या अर्जात 'रुग्णाशी नाते' या रकान्यात जोडीदाराने 'मित्र' असे लिहिल्यावर, पुढे प्रत्येक वेळी 'घरचे कुणी आहे का' एवढेच त्याला विचारण्यात आले. शस्त्रक्रियेची संमती कुणी द्यायची यावर अडून बसल्यामुळे ताई दुसऱ्या शहरातून येईपर्यंत तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला. ताई आली, तिने सही केली. मग डॉक्टरांनी विचारले की रुग्णाला कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे, रोजची कोणती गोळी चालू आहे, शेवटचे जेवण किती वाजता झाले. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर सही करणारीला ठाऊक नव्हते. तिने मागे वळून त्या मुलाकडे पाहिले, आणि त्याने तिन्ही उत्तरे दिली.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर परिस्थिती अर्धवट आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्र सरकारने काही सूचना काढल्या: अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील मानावे, संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि एकमेकांना नॉमिनी नेमण्यास त्यांना आडकाठी नाही, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसल्यास मृतदेहाचा ताबा जोडीदाराला मागता येईल. यातली शेवटची सूचना वाचून हसावे की रडावे ते कळत नाही, पण कालपर्यंत तेवढेही नव्हते. तरीही नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. कायद्याने विवाहच नाही, त्यामुळे मृत्युपत्र नसेल तर वीस वर्षांच्या सहजीवनानंतरही मालमत्ता रक्ताच्या नात्याकडेच जाते. जिथे कायदा गप्प आहे तिथे घरच्यांचे मौन अधिकच महागात पडते.

या मौनाची आणखी एक किंमत आहे, जी तिसऱ्याच व्यक्तीला मोजावी लागते. मुलगा समलिंगी आहे हे माहीत असतानाही 'लग्न झाले की सगळे सुरळीत होईल' म्हणून त्याचे लग्न लावून देणारी घरे कमी नाहीत. ज्या मुलीला काहीही न सांगता या संसारात आणले जाते, ती पुढे वर्षानुवर्षे दोष स्वतःमध्ये शोधत राहते, आणि मूल का नाही याचा जाबही तिलाच विचारला जातो. समलिंगी मुलींच्या बाबतीत तर विचारण्याचीही तसदी घेतली जात नाही; स्थळ पसंत पडले की विषय संपतो. ज्या घराला आपल्या मुलाबद्दलचे सत्य उच्चारण्याची लाज वाटते, त्याला दुसऱ्याच्या मुलीचे आयुष्य पणाला लावताना ती वाटत नाही, हे मला फार संतापजनक वाटते.

माध्यमांविषयी थोडक्यात सांगायचे, तर मराठी रंगभूमीने हा विषय १९८१ मध्ये, तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये हाताळला होता, तोही एका स्त्रीच्या बाजूने. त्यानंतर पडद्यावर बराच काळ आपल्या वाट्याला आला तो लचकत चालणारा विनोदी नमुना. आता तो मागे पडून सहानुभूतीने रंगवलेली दुःखी पात्रे दिसतात, ही सुधारणाच आहे. वीजबिल कुणी भरायचे यावरून भांडणारे दोघे मात्र अजून क्वचितच दिसतात.

काही आईवडिलांनी ही अट स्वतःहून मोडली आहे. लीला सेठ या देशातील एखाद्या उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश. २०१३ च्या निकालाने कलम ३७७ पुन्हा लागू झाले तेव्हा आपला थोरला मुलगा, लेखक विक्रम सेठ, आता कायद्याच्या लेखी गुन्हेगार ठरला आहे, असे त्यांनी एक आई म्हणून वृत्तपत्रात लिहिले. मराठी माणसांना नाटक-चित्रपटांमुळे परिचित असलेल्या चित्रा पालेकर समलिंगी मुलीची आई म्हणून उघडपणे बोलत आल्या आहेत आणि इतर पालकांशी संवाद साधत आल्या आहेत. मुलांनी घरच्यांना सांगणे हा अर्धाच भाग झाला. घरच्यांनी बाहेर सांगणे हा दुसरा भाग, आणि तो आईवडिलांनाच करावा लागतो.

भाचा बरा झाल्यावर दोघांनी वकिलांच्या सल्ल्याने आपापली मृत्युपत्रे केली. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अविवाहित मुलाची पहिली वारस त्याची आई असते; त्यामुळे मुलाच्या मृत्युपत्राने ज्या एकाच व्यक्तीचा हक्क जाणार होता ती म्हणजे ताई. तिने ते दोनदा वाचले आणि साक्षीदार म्हणून स्वतःच सही केली. ती असताना भावोजींचा मुळात वाटाच नव्हता, तरी त्यांनी सही करायला नकार दिला. कायद्याला दोन साक्षीदार लागतात, म्हणून दुसरी सही मी केली.